तिसऱ्या-कालवांतील सागरी विषाची तपासणी: अर्ज कोणी करायचा, काय जोडायचे?

तिसऱ्या, कालवे, शिनाणे पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शैवाल खातात. काही शैवाल विषारी असतात आणि ते विष शिंपल्याच्या मांसात साठते. त्याला वास नाही, चव नाही. शिजवून किंवा गोठवूनही ते जात नाही. १९८३ साली मंगळूरजवळ अशा विषबाधेची नोंद झाली आहे. खात्री करायची तर प्रयोगशाळेशिवाय मार्ग नाही.

साध्या ग्राहकालाही हा हक्क आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणीही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच, पण महत्त्वाची: माल घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. नमुना नियमांत बसला नाही, तर शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. व्यावसायिकांनी आपला एफएसएसएआय (देशाचे अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना किंवा नोंदणी क्रमांक द्यावा.

अर्जासोबत ओळखपत्र आणि खरेदीची पावती ठेवा. शिंपल्याची जात, कोणत्या खाडीतला माल, कधी काढला, हेही लिहा. खाडीचे नाव टाळू नका. दोष निघाला तर शोध तिथूनच सुरू होतो.

प्रयोगशाळा निवडताना मात्र घाई नको. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता चाचणीनुसार असते, त्यामुळे मान्यतेच्या यादीत तुमची चाचणी आहे का, ते आधी विचारा. अर्जात नुसते 'विष तपासा' लिहू नका, विषांची नावे घाला. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणारी संस्था) मानकात एक किलो मांसामागे सॅक्सिटॉक्सिनची मर्यादा ०.८ मिलिग्रॅम, ओकाडेइक आम्लाची ०.१६ आणि डोमोइक आम्लाची २० मिलिग्रॅम आहे. पहिले मज्जातंतूंवर घाला घालते, दुसऱ्याने जुलाब होतात, तिसऱ्याने स्मृती जाऊ शकते. एका चाचणीत तिन्ही दिसतीलच असे नाही.

कवचाशिवाय निदान १०० ते १५० ग्रॅम मांस लागते, त्यामुळे तिसऱ्या भरपूर घ्याव्या लागतात. कवचे बाहेरून धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका, बर्फाच्या पेटीतून लगेच पोहोचवा.

अहवाल त्या नमुन्यापुरताच असतो. पुढच्या आठवड्याच्या मालाला तो लागू नाही.

खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, तर अर्जात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. उरलेले कालवण फेकू नका, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.