टर्कीचं घड्याळ, गुच्छीचं घड्याळ

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो. अंधार असतानाच शिकारी झाडाला पाठ टेकून बसतो आणि मादीच्या आवाजाची नक्कल करत नराला जवळ बोलावतो. नियमच असा होता की बरीच वर्षं दुपारी १ वाजता बंदूक खाली ठेवावी लागे. मग उरलेला दिवस मोरेल शोधायला मोकळा. मोरेल म्हणजे हिमाचल-काश्मीरची गुच्छी, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार अळंबी. भाव ऐकून आपण जिला लांबूनच नमस्कार करतो, ती तिथे रानात फुकट मिळते.

पण पक्षी आणि अळंबी एकाच वेळी कसे हजर?

नर टर्की ओरडू लागतो तो दिवस लांबल्यामुळे. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना पुरतो. उजेडाचे तास वाढले की संप्रेरकं जागी होतात आणि विणीचा काळ सुरू होतो. सूर्य काही वर्षागणिक वेळापत्रक बदलत नाही, त्यामुळे हे घड्याळ बऱ्यापैकी नेमाने चालतं. मोरेलचं घड्याळ मात्र मातीत आहे. माती साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि ओल टिकून असली की ती डोकं वर काढते. म्हणून ऊन खाणाऱ्या दक्षिण उतारांवर आधी, सावलीतल्या उत्तर उतारांवर नंतर. थंडी रेंगाळली तर टर्की ओरडून दमते, अळंबीचा पत्ता नाही.

जाणकार त्यामुळे तारीख पाहतच नाहीत. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की निघायचं, असं तिकडे म्हणतात. ऐकायला गंमत वाटते, पण ओकची पालवीही मुख्यतः उबेवरच फुटते!

मग नजर शोधते ती एल्मचं झाड, तेही नुकतंच मेलेलं, साल सुटू लागलेलं. गेल्या शतकात युरोपातून आलेल्या एका बुरशीने तिथले एल्म प्रचंड संख्येने मारले. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगावरून ती झाडोझाड पोचली. एका बुरशीने झाड मारायचं आणि दुसरीने, म्हणजे मोरेलने, त्याच्या मुळाशी उगवायचं, असा हा प्रकार. मुळांकडून मिळणारं अन्न आटलं की बीजाणू उधळून दुसरीकडे बस्तान हलवायचं, असा एक तर्क आहे. आपल्याकडची वारुळावरची अळंबी वाळवीच्या भरवशावर, ही मरत्या झाडाच्या.

तोतयांपासून सावध राहावं लागतं. अळंबी उभी चिरली की खरी मोरेल टोकापासून देठापर्यंत पोकळ दिसते. जायरोमित्रा या तोतयाच्या आत कापसासारखा गर किंवा कप्पे असतात, आणि तिच्यातल्या विषापासून पोटात मोनोमिथाइल हायड्राझीन बनतं. तेच रसायन रॉकेटच्या इंधनात वापरलेलं आहे. खरी मोरेलही कच्ची चालत नाही. २०२३ मध्ये मोंटानातल्या बोझमन शहरात एका उपाहारगृहात कच्ची किंवा अर्धवट शिजलेली मोरेल खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघे दगावले.

म्हणून शिकारी घरी आल्यावर ती उभी चिरतो, मिठाच्या पाण्यात टाकून आतले किडे काढतो आणि लोण्यात नीट शिजेपर्यंत परततो. टर्की मिळाली असेल तर तिच्याबरोबर, नाहीतर नुसतीच.