‘ताशी दीडशे’ आणि ठाण्याची गच्ची

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची बातमी येते. तिच्यात ‘ताशी 120’ नाहीतर ‘ताशी 150’ असतंच. मग 14 तारखेच्या सकाळी मान अवघडलेली माणसं गच्चीवरून खाली येतात आणि सांगतात, ‘चारच दिसल्या.’ मुंबई-ठाण्यात ही तक्रार जोरात सुरू झाली ती 1998 पासून.

त्याआधीचं थोडक्यात. 1833 च्या नोव्हेंबरात अमेरिकेवर सिंह राशीतून उल्कांचं वादळ आलं आणि सगळ्या उल्का एकाच बिंदूतून फाकतात हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. 1966 मध्ये ते पुन्हा अमेरिकेवरच. आपल्याकडे ‘तारा तुटला’ एवढ्यावर विषय संपे.

फेब्रुवारी 1998 मध्ये टेम्पल-टटल धूमकेतू सूर्याजवळून गेला. सिंह राशीतल्या उल्का म्हणजे त्यानेच मागे सोडलेली धूळ. तो साधारण 33 वर्षांनी येणारा, त्यामुळे नोव्हेंबरात वादळाची हाक उठली. गणित सांगत होतं 18 तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सव्वाएक. म्हणून शहराबाहेर पडणाऱ्यांनी 17 ची रात्र धरली. प्रत्यक्षात ठळक अग्निगोळ्यांचा भर सोळा-सतरा तास आधीच येऊन गेला. भारतात तेव्हा 17 ची सकाळ होती. त्या पहाटे जे सहज जागे होते ते भाग्यवान, बाकीच्यांनी दुसऱ्या रात्री थंडी खाल्ली. एकच रात्र जाहीर करायला नको होती, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. धूमकेतूचा जुना कचरा कुठे पसरलाय हे नीट ठाऊक नव्हतं, तर दोन्ही रात्री सांगायच्या होत्या. पण बातमीला एकच मथळा लागतो.

1999 ला दोन संशोधकांनी धुळीच्या पट्ट्यांचं गणित मांडून काही मिनिटांच्या फरकाने वेळ बरोबर सांगितली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते! वादळ दिसलं नाही, पण आकड्यांवरचा विश्वास मात्र बसला. तिथून प्रत्येक वर्षावाला ‘ताशी इतक्या’ चिकटलं.

हा आकडा खोटा नाही, त्याला जोडलेल्या अटी छापत नाहीत. उल्का जिथून फाकतात तो उद्गमबिंदू थेट डोक्यावर, आकाश पूर्ण मोकळं आणि साडेसहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारा नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा अंधार, हे सगळं एकाच वेळी असेल तर एका माणसाला तासाभरात जितक्या दिसतील, तितका तो आकडा. थोडक्यात, तुलनेसाठी काढलेलं माप आहे ते. कुणा संस्थेने पहिल्यांदा तो प्रसिद्धीपत्रकात उघडा टाकला तेव्हाच शेजारी ‘गावाबाहेर’ आणि ‘शहरात’ असे दोन रकाने करायला हवे होते.

शहरापुरता हिशेब असा. सप्तर्षींतला अत्रि सर्वांत मंद, 3.3 प्रतीचा. तो जेमतेम दिसत असेल तर तुमची मर्यादा तीच. मिथुनेतल्या उल्कांची संख्या एकेक प्रत मंद होत जाताना सुमारे 2.6 पट वाढत जाते. म्हणजे बहुतेक उल्का मंदच असतात आणि शहराचा उजेड नेमक्या त्याच गिळतो. साडेसहा आणि 3.3 यांतल्या 3.2 प्रतींच्या फरकाने दीडशेला साधारण एकवीसने भागायचं, उरतात सात. तेही रात्री दोन-अडीचला, मिथुन माथ्याजवळ असताना. नऊला उद्गमबिंदू इतका खाली असतो की सातांचे दोन होतात. समोर टॉवर असेल तर त्यातूनही वजा. 2023 ला अमावास्या नुकतीच झाली होती. तेव्हा आमच्या गच्चीवर एक ते दोन या तासात आम्ही सहा मोजल्या. खाली उतरताना शेजारी म्हणाले, ‘फसवलं हो पेपरवाल्यांनी.’

ययाती तारकासमूहातला, म्हणजे ऑगस्टचा वर्षाव पाश्चात्त्यांचा लाडका. आपल्याकडे तो पावसाळी ढगांत बुडतो, आणि मुंबईच्या अक्षांशावर उद्गमबिंदू 51 अंशांपेक्षा वर येतही नाही. म्हणून आपला हंगाम डिसेंबर.

आता अलीकडचं. रस्त्यांवरचे पिवळे सोडियम दिवे उतरवून एलईडी लावण्याचा देशव्यापी कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला. वीज वाचली, हे खरंच. पण पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, आणि हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो. शिवाय सोडियमचा उजेड रंगाच्या अरुंद पट्टीत असे, त्यामुळे फिल्टरने तो गाळता येई. एलईडीच्या उजेडावर तो उपाय चालत नाही. दिवे निवडताना विजेची युनिट मोजली गेली, वर किती उजेड जातो ते कुणी विचारलं नाही. दिव्यावर साधी टोपी बसवली असती तरी फरक पडला असता.

मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षं बदलापूरच्या पुढच्या वांगणीला जात आले. त्या बाजूला बदलापूर वाढत गेलं, आणि आता वांगणीहूनही वायव्येचं आकाश उजळलेलं दिसतं. मिथुन मात्र पूर्वेला उगवते, त्यामुळे तिथली डिसेंबरची रात्र अजून जमते.