पीएच पाण्याचा, दोष खोलीतल्या हवेचा

घरी प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्यावर ही वेळ येतेच. सकाळी टेस्ट किट काढावं, तर पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी याचं माप, ७.८. उघड्या समुद्रात तो ८.१ च्या आसपास असतो, त्यामुळे जिवाची घालमेल होते आणि दुकानातून पीएच वर नेणारी बफरची पावडर येते. टाकली की आकडा थोडा चढतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ७.८. मीही आठवडाभर हेच करत राहिलो. मग हीटर बाहेर काढला, तर त्यावर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खरखरीत थर. नखाने खरवडला, तर हातावर भुगा पडला. ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा प्रवाळाने बांधायचा, ते हीटरवर जाऊन बसलं होतं.

पीएच आणि अल्कलिनिटी यांची इथे गल्लत होते. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांचा साठा. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) असते. बफर ओतून ओतून मी ती १३ वर नेली होती, म्हणूनच हीटरवर तो थर बसला. पीएच मात्र पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवरही ठरतो, आणि पाणी तो खोलीतल्या हवेतून घेतं. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास आहे. खिडक्या लावून माणसं रात्रभर झोपली की बंद खोलीत ते हजाराच्या वर सहज जातं. स्प्लिट एसी तीच हवा गार करून पुन्हा सोडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अल्कलिनिटी तेवढीच असताना हा वायू दुप्पट झाला, की पीएच सुमारे ०.३ ने उतरतो. ८.१ चे ७.८ व्हायला तेवढं पुरतं.

याची खात्री दोन पेल्यांत होते. दोन्हींत टाकीतलं पाणी घ्यायचं, पीएच मोजायचा. एक पेला गॅलरीत, एक टाकीशेजारी ठेवून छोट्या एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडायचे आणि पुन्हा मोजायचं. गॅलरीतला चढला आणि घरातला जागचा हलला नाही, तर दोष घरातल्या हवेचा. दोन्ही चढले, तर टाकीचं पाणी हवेशी पुरेसं घुसळलं जात नाही. दोन्ही ढिम्म राहिले, तर अल्कलिनिटी तपासावी. पावडरीचा डबा त्याआधी उघडूच नये.

हाच पेच एका अवाढव्य टाकीतही पडला होता. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर २’ नावाची काचेची इमारत आहे. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं तिच्यात बंद राहिली. आत सुमारे २६ लाख लिटरचा समुद्र होता आणि त्यात प्रवाळ. मातीतल्या जिवाणूंच्या श्वसनाने आतला कार्बन डायऑक्साइड चढला आणि समुद्राचा पीएच सावरायला पाण्यात क्षार घालावे लागले. पुढे ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी त्याच पाण्यात दाखवून दिलं, की कार्बोनेट घटलं की प्रवाळाची बांधणी मंदावते. खरा समुद्रही आज आपल्या धुरातला हा वायू पितोय, म्हणून मला ते संशोधन फार मोलाचं वाटतं.

घरचा उपाय मात्र सोपा निघाला. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र, हवा ओढतो ती नळी लांब करून खिडकीबाहेर काढली. अल्कलिनिटी खाली यावी म्हणून टप्प्याटप्प्याने पाणी बदललं, आणि ती ८ वर आल्यावर चुन्याची निवळी सुरू केली. शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो, तीच. ती कार्बन डायऑक्साइड पकडते आणि प्रवाळाला कॅल्शियमही देते. तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी ती रात्री थेंबथेंबच सोडायची. त्यासाठी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणावं. विड्याच्या चुन्यात आणखी काय मिसळलेलं असेल, याचा भरवसा नसतो.