लिंबाचा सेल आणि कोळशाचा सेल: व्होल्ट जवळजवळ तेवढेच, मग मोटर एकावरच का फिरते?

विज्ञान प्रदर्शनाचा मोसम आला की हे दृश्य ठरलेलं. टेबलावर ओळीने चार लिंबं, त्यांत खोचलेले खिळे, मल्टिमीटरवर झोकात साडेतीन व्होल्ट आणि शेजारी ढिम्म बसलेला टॉर्चचा बल्ब. मग धावपळ सुरू. बल्ब बदला, वायर बदला, लिंबं रसरशीत नव्हती म्हणून नवी आणा. तेवढ्यात कुणीतरी ‘लिंबावर मोबाईल चार्ज करा’ असा व्हिडिओ पाठवतं आणि मुलाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला फक्त व्होल्ट मोजायला शिकवलंय, आणि व्होल्ट हे अर्धंच उत्तर आहे.

लिंबाचा सेल सगळ्यांना पाठ असतो, म्हणून तो चार वाक्यांत उरकतो. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा एका बाजूला, तांब्याची तार किंवा पट्टी दुसऱ्या बाजूला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. जस्त विरघळतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून तांब्याकडे जातात, तिथे रसातले हायड्रोजन आयन ते उचलतात. तांबं स्वतः खर्च होत नाही. एका लिंबाला साधारण ०.९ ते १ व्होल्ट मिळतो.

‘लिंबातून वीज मिळते’ हे वाक्य मात्र मला सहन होत नाही. वीज जस्तातून मिळते. लिंबू हे फक्त ओलं आंबट माध्यम. लिंबाऐवजी ताक घ्या, चिंचेचं पाणी घ्या, व्हिनेगर घ्या, मीटरवरचा आकडा फारसा हलणार नाही. उलट लिंबू तेच ठेवून दोन्हीकडे तांबंच खोचा, आकडा शून्यावर येईल. आणखी एक: एका अखंड लिंबात खिळ्या-तारेच्या चार जोड्या खोचल्या म्हणजे चार सेल होत नाहीत, कारण सगळ्यांचा रस एकच. लिंबू कापून चार वेगळ्या फोडी केल्या तर होतात.

आता कोळशाचा सेल. डब्यात पोळ्या गुंडाळायला वापरतो तो ॲल्युमिनियम फॉइल वीतभर चौकोनी घ्या. त्यावर मिठाच्या दाट पाण्यात भिजवून निथळलेला पेपर नॅपकिन, फॉइलपेक्षा थोडा लहान. त्यावर दोन-तीन चमचे भरडलेला ॲक्टिव्हेटेड कोळसा, तोही मिठाच्या पाण्याने ओलसर केलेला. हा कोळसा माशांच्या टाकीच्या फिल्टरसाठी मिळतो, ॲक्वेरियमच्या दुकानात मागा. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा चालेल असं सगळे सांगतात. तो नीट तापवून केलेला नसेल तर वीजच धड वाहून नेत नाही, आणि मग अख्खी दुपार वाया. एक वायर फॉइलला, दुसरीचं सोललेलं टोक कोळशात. कोळशाचा कण फॉइलला लागला की सेल आतल्या आत शॉर्ट.

मीटर लावा: ०.७ ते ०.८ व्होल्ट. म्हणजे लिंबापेक्षा कमीच. इथेच बहुतेक जण ‘लिंबू भारी’ म्हणून कोळसा झाडून टाकतात. तो झाडू नका. असे दोन सेल एकामागे एक जोडा आणि बिघडलेल्या खेळण्यातली छोटी मोटर लावा. कोळसा अंगठ्याने दाबा, म्हणजे कण एकमेकांना आणि तारेला नीट टेकतील. दाब वाढेल तशी मोटर जोरात फिरते, अंगठा उचलला की मंदावते. हीच मोटर लिंबांना लावून बघा. दोन लिंबं, चार लिंबं, दहा लिंबं, ती हूं की चूं करत नाही.

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू. मल्टिमीटर व्होल्ट मोजतो तेव्हा तो सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोधही (म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) दहा लाख ओहमच्या आसपास असतो, त्यातून जाणारा प्रवाह एका मायक्रोअँपिअरच्या घरातला. न मागणाऱ्यापुढे सेल आपला पूर्ण आकडा दाखवतो. बल्ब किंवा मोटर खरोखर मागते, आणि मागणी आली की सेलच्या आतला रोध आडवा येतो. पाण्याची टाकी गच्चीवर आहे पण तिला सलाईनची नळी जोडली आहे, असं हे प्रकरण. शाळेत ही टाकी सगळे शिकवतात, फक्त नळीचं सांगायचं राहून जातं.

लिंबाचा हा अंतर्गत रोध हजार ओहमच्या आगेमागे निघतो. आपण दुकानातून आणतो त्या ताज्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा अर्ध्या ओहमपेक्षाही कमी असतो. वर सांगितलेला कोळशाचा सेल नीट जमला तर पाच-दहा ओहममध्ये येतो. ही आकड्यांची गोष्ट घरी दोन मिनिटांत पडताळता येते. शंभर ओहमचा रोधक आणा (पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी, किंमत नगण्य). तो सेलच्या दोन टोकांना जोडा आणि जोडलेला असतानाच व्होल्ट मोजा. लिंबाचे ०.९५ धाडकन ०.०९ वर येतात. कोळशाचे ०.७५ फार तर ०.७ पर्यंत घसरतात. हा रोधक न लावता मोजलेला कुठलाही घरगुती सेल मी जमेतच धरत नाही.

यावरून हिशेब करा. एका लिंबातून बाहेर काढता येईल अशी जास्तीत जास्त शक्ती पाव मिलिवॉटच्या आत. टॉर्चचा जुना बल्ब २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा, म्हणजे पाऊण वॉट. त्याला अगदी काटेकोर जोडणी करूनही ३,३०० च्या आसपास लिंबं लागतील. मोबाईलच्या साध्यातल्या साध्या ५ वॉटच्या चार्जिंगला २२,००० च्या घरात. एप्रिलमधला लिंबाचा भाव आठवा आणि तो व्हिडिओ पुढे पाठवायचा की नाही ते ठरवा. कोळशाच्या एका सेलची शक्ती २५-३० मिलिवॉटपर्यंत जाते, म्हणजे शंभरपट. तोच बल्ब २५-३० सेलांत पेटू शकतो. नसता उद्योगच आहे, पण निदान शक्यतेतला आहे.

शंभरपट फरक येतो कुठून? बहुतेकांना वाटतं, ॲल्युमिनियम जस्तापेक्षा तेज असेल. तसं असतं तर व्होल्टही जास्त दिसले असते. अडचण धातू विरघळण्याच्या टोकाला फारशी नसते, ती असते पलीकडच्या, इलेक्ट्रॉन उचलणाऱ्या टोकाला. लिंबात तांब्याच्या तारेचा रसात बुडालेला भाग जेमतेम दोन-तीन चौरस सेंटिमीटर, हायड्रोजन तयार होण्याच्या कामात तांबं मुळात आळशी, आणि मधला रस गराच्या पडद्यांमध्ये कोंडलेला. कोळशाच्या सेलमध्ये इलेक्ट्रॉन उचलतो हवेतला ऑक्सिजन, आणि त्याला काम करायला जागा भरपूर: चांगल्या ॲक्टिव्हेटेड कोळशाच्या एका ग्रॅमला ५०० चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असतो. सगळा काही कामाला लागत नाही, तरी तारेशी त्याची बरोबरीच नाही. शिवाय फॉइल आणि कोळसा यांच्यामध्ये फक्त एक ओला कागद. म्हणूनच कोळसा ओलसर हवा, पाण्यात बुडालेला नको. बुडाला की हवा आत पोचत नाही आणि मोटर दम टाकते.

मीठही चवीपुरतं घालून भागत नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो, तो मिठातले क्लोराइड आयन जागोजागी फोडतात. मोटर बराच वेळ चालवलेला फॉइल धुऊन खिडकीसमोर धरा, त्यात टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतील, आणि कागदावर पांढरट बुळबुळीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तुमची मोटर फिरली ती त्या भोकांएवढ्या धातूच्या जोरावर.

रोधाचंच काम आहे याचा आणखी एक पुरावा: २०१० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी बटाटा आधी उकडून मग त्यात जस्त-तांबं खोचलं, तर कच्च्या बटाट्याच्या दहापटीपर्यंत शक्ती मिळाली. धातू तेच होते, फक्त उकडल्याने पेशी फुटून आतला रोध उतरला.

जोडणीचा घोळ थोडक्यात. एकामागे एक जोडलं की व्होल्ट वाढतात, पण रोधही तेवढाच वाढतो. दहा लिंबांच्या रांगेतूनही एका लिंबाएवढाच, मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह निघतो. प्रवाह हवा असेल तर समांतर जोडा, किंवा सरळ पट्ट्या मोठ्या घ्या. लिंबात चिमूटभर मीठ भरणं, ते टेबलावर रगडणं वगैरे उपायांनी थोडा फरक पडतो, शंभरपट नाही.

मग लिंबू टाकाऊ का? नाही. तीन लिंबांवर लाल एलईडी खोलीतला दिवा मालवला की मंद दिसतो, कारण त्याला १.८ व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि मिलिअँपिअरचा काही भागही पुरतो. आकडे दाखवणारं एलसीडी घड्याळ तर मायक्रोअँपिअरवर चालतं, दोन लिंबं त्याला पुष्कळ. भिंतीवरच्या काटेवाल्या घड्याळाच्या नादी लागू नका. काटा हलवायला त्याला क्षणभर का होईना काही मिलिअँपिअर लागतात, तिथे लिंबू गळपटतं. पण प्रदर्शनात काहीतरी हलताना दाखवायचं असेल तर माझं मत पक्कं आहे: कोळसाच न्या. लिंबं घरी ठेवा, सरबत करा.

अर्थात खिळे खोचलेल्या लिंबांचं नाही. त्यांत जस्त उतरलेलं असतं, ती फेकायचीच. खिळाही एकदा पुसून बघा: जस्ताचा मुलामा पातळ असतो, तो संपून खालचं लोखंड उघडं पडलं की व्होल्ट घसरतात आणि लोक उगाच लिंबाला शिळं म्हणतात.