बर्फावरील मासेमारीचे साहित्य : हंगामानंतरची साठवण

गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळाने मासे धरण्याचा हंगाम संपला, की त्याचे साहित्य साफ करून, वाळवून पुढच्या हिवाळ्यापर्यंत नीट ठेवण्याची पद्धत. फिनलंड, स्वीडन, रशिया, कॅनडा आणि अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा थंड प्रदेशांत ही मासेमारी चालते. साहित्य वर्षातले जेमतेम काही महिने कामाला येते आणि उरलेला काळ पडून राहते. त्यामुळे त्याचे बरेचसे नुकसान बर्फावर होत नाही, उन्हाळ्यात कोपऱ्यात पडल्यापडल्या होते.

या नुकसानीचे मूळ ओलीत आहे. कडाक्याच्या थंडीत तंबूच्या घड्यांत आणि पेटीच्या सांध्यांत शिरलेले पाणी गोठून निमूट बसते. घरी आल्यावर ते वितळते आणि गंज, बुरशी, कुबट वास यांना आयते आमंत्रण मिळते. वरून कोरडी दिसणारी वस्तू आत ओली असते, म्हणून सगळे सामान एकदा पूर्ण उघडून, मोकळ्या हवेत दोन-तीन दिवस वाळवल्याशिवाय कोणतीही पेटी बंद करू नये. मिनेसोटात रात्री आत कोणी नसताना बर्फावर उभी ठेवलेली मासेमारीची खोपटी राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तर भागात तिसऱ्या सोमवारपर्यंत बर्फावरून हलवावी लागतात. त्या घाईत सामान जसेच्या तसे गाडीत कोंबले जाते, आणि वाळवायचे राहते ते तिथेच.

सर्वांत जास्त जपायचे ते बर्फाला भोक पाडणारे गिरमिट. त्याचे पाते बर्फ अक्षरशः तासते. धारेवर गंजाचा पुसट थर आला किंवा बारीक खड्याने खाच पडली, तरी ते बर्फात शिरण्याऐवजी नुसते घसरत राहते. पाती पुसून, तेलाचा हात फिरवून, आवरण चढवून ठेवतात. पेट्रोलवर चालणाऱ्या गिरमिटाचा त्रास वेगळा. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतली ओल शोषते आणि टाकीत राहिलेले इंधन कालांतराने कार्ब्युरेटरच्या (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत चिकट साका धरते. यावर दोन उपाय आहेत : टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे, किंवा ताज्या इंधनात स्थिरक, म्हणजे इंधन टिकवणारे रसायन, मिसळून इंजिन थोडा वेळ चालवून ठेवणे. अर्धवट भरलेली टाकी तशीच सोडणे मात्र सर्वांत वाईट.

बॅटऱ्यांच्या बाबतीत हमखास गफलत होते, कारण दोन प्रकारांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. माशांचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्रांबरोबर पूर्वापार येणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवावी लागते आणि मधूनमधून पुन्हा चार्ज करावी लागते. उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि तिची ताकद कायमची घटते. विजेवरच्या गिरमिटाची लिथियम बॅटरी मात्र निम्म्याच्या आसपास चार्ज असताना ठेवणे बरे. पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली, की ती लवकर म्हातारी होते. तापणारे पोटमाळे आणि बंद मोटारी तिला वर्ज्य. दोन्ही बॅटऱ्या यंत्रातून काढून ठेवाव्यात.

तंबूचे शत्रू दोन : बुरशी आणि उंदीर. माशांचा वास, सांडलेले आमिष आणि मऊ अस्तर यांनी उंदरांची घरटी तयार होतात, आणि कापडाबरोबर सोनारच्या वायरीही कुरतडल्या जातात. तंबू पुसून, वाळवून, शक्य असल्यास जमिनीपासून उंच टांगावा. उरलेले आमिष तळ्यात न टाकता कचऱ्यात टाकावे. त्याच्याबरोबर परक्या जातींचे जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात.

रिळांचे ड्रॅग, म्हणजे दोऱ्याचा ताण सांभाळणारे ब्रेक, सैल करून ठेवतात, म्हणजे आतल्या चकत्या महिनोन्‌महिने दाबाखाली राहत नाहीत. बर्फावरची रिळे लहान, त्यामुळे नायलॉनचा दोरा त्यांवर घट्ट वेटोळी धरतो, आणि हलके आमिष सरळ खाली जाण्याऐवजी गोल फिरू लागते. म्हणूनच अनुभवी मासेमार जुना दोरा जपण्यात वेळ घालवत नाहीत. पुढच्या हंगामाच्या तोंडावर नवा भरतात, आणि तेच योग्य. गळ कोरडे करून डबीत ठेवावेत. मऊ प्लॅस्टिकची आमिषे मूळ पिशवीतच राहू द्यावीत, कारण काही कठीण प्लॅस्टिकच्या डब्यांशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन दोन्ही वितळून चिकटतात. मासा ओढताच झेंडी उभी करणाऱ्या टिप-अपची स्प्रिंग ताणलेली ठेवू नये. बुटांची आतली अस्तरे बाहेर काढून वाळवावीत.

गॅस शेगडीचा सिलिंडर काढून, उभा करून, घराबाहेर हवेशीर जागी ठेवतात. त्यातला प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळघरात साचून राहतो. शेगडीच्या नळीत कोळी जाळी विणतात, आणि त्यामुळे ज्योत पिवळी, मंद पडते. म्हणून शेगडीचे तोंड झाकून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात ती तंबूत नेण्याआधी नळी साफ करून, उघड्यावर एकदा पेटवून ज्योत निळी आहे याची खात्री करावी.