पंपाचा दांडा काढला आणि कॉलरा थांबला?

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की लोकप्रतिनिधींच्या भाषणात एक गोष्ट हमखास येते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, डॉ. जॉन स्नो यांनी तिथल्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ जागच्या जागी थांबली. ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत.

दांडा निघाला ८ सप्टेंबरला. स्नो यांच्याच तक्त्यात, दगावलेल्यांपैकी १४३ जण १ सप्टेंबरला आजारी पडले होते, तर ८ सप्टेंबरला फक्त १२. म्हणजे साथ आधीच ओसरत आली होती. घाबरून बरेच लोक घरंदारं सोडून निघून गेले होते. दांडा काढल्यामुळे साथ थांबली की नाही हे सांगता येत नाही, असं स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. (तेवढं पान भाषणं लिहिणारे वाचत नसावेत.)

स्नो यांचं श्रेय वेगळंच आहे: रोग पाण्यातून पसरतो, हे त्यांनी घरोघर विचारपूस करून दाखवलं. पण सरकारी आरोग्य मंडळाला ते पटलं नाही. दोष दुर्गंधीचाच, यावर ते अडून राहिले.

पुढे १८५८च्या उन्हाळ्यात सांडपाण्याने भरलेल्या थेम्स नदीचा वास थेट संसदेत शिरला. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावूनही बसवेना, तेव्हा ऑगस्टमध्ये घाईघाईने कायदा झाला आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांना पैसा मिळाला. कारण चुकीचं धरलं होतं, काम मात्र बरोबर झालं. स्नो त्याच जूनमध्ये वारले होते.