बोर्डिंगातली उतरंड: सोलापूरची पार्श्वभूमी

कडक शिस्तीच्या बोर्डिंगात लहानपण गेलेली माणसं बोलायला लागली की माराहून जास्त एकच सल सांगतात: मार सगळ्यांना सारखा पडत नसे. फी वेळेवर भरणाऱ्याच्या पोराला ताकीद, नादारीवरच्या (फी माफ असलेल्या) पोराला छडी. एखादा रेक्टर तापट असेलही, पण ही उतरंड त्याच्याआधीची आहे.

शंभर वर्षांपूर्वी शिकायला शहरात आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न जेवणाचा असे. गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून, म्हणजे आठवड्याच्या रोज वेगळ्या घरी, जेवे. टोमणे गिळावे लागत, पण ताट मिळे. बाकीच्यांना ते दारही बंद. म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना हात दिला. मुलांची सोय झाली, पण सोवळंही त्यांच्यासोबत आत आलं. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला आणि परतल्यावर आंघोळ करायला तयार झाला नाही, म्हणून जैन बोर्डिंगातून एका विद्यार्थ्याला काढून टाकलं गेलं. तेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं, त्यामागे हा अपमान असणार असं मला वाटतं.

सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडलं. शाळेत नाव लागलं तरी गावात राहायला खोली कोण देणार, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

याच शहरात मुलांना घराबाहेर ठेवण्याची दुसरी, उलटी परंपराही होती. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या आणि १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची चार ते अठरा वर्षांची मुलं वेगळी ठेवायची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरच्या सेटलमेंटभोवती, म्हणजे या जमातींना ठेवण्याच्या सरकारी वसाहतीभोवती, तारेचं कुंपण होतं, हजेरी होती. पोर आईबापापासून तोडलं की सुधारतं, ही त्या काळची सरकारी समजूत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून कायदा गेला, पण वस्तीला सेटलमेंट हे नाव चिकटून राहिलं. वर्गात पेन हरवलं की पहिली झडती कुणाची, हे मग पत्त्यावरून ठरू लागलं.

त्यात गिरणीकामगार, विणकर, विडीकामगार यांची पोरं. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्याच्या मराठीला हसणं ही तर बिनखर्चाची करमणूक.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी घातली. पण निवासी शाळेत तक्रार पहिल्यांदा जाते ती रेक्टरकडेच, घरी फोन करायचा तोही त्याला विचारून. नादारीवरचं मूल त्या वाटेला जात नाही. जागा गेली तर शाळाच सुटेल, हे घरून निघतानाच त्याला बजावलेलं असतं.